मॉडबस: ब्रेकर पाडणाऱ्या रिलेशी संगणक बोलतो तरी कसा?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने दापोडी ओलांडली की कासारवाडी लागते. मेट्रोच्या खांबांपलीकडे कारखान्यांच्या भिंती दिसू लागतात. वाफेची आणि नियंत्रणाची उपकरणं बनवणारी फोर्ब्स मार्शल इथलीच. पुढे भोसरी, चिंचवड करत हा पट्टा थेट चाकणपर्यंत जातो. इथल्या मोठ्या कारखान्यांना वीज उच्चदाबाने मिळते आणि ती आत घेणाऱ्या एचटी पॅनलच्या दारावर छोटा पडदा, चार-दोन बटणं आणि लाल-हिरवे दिवे असलेला एक डबा बसवलेला असतो. तोच प्रोटेक्शन रिले.

त्याचं काम राखणदाराचं. सीटीमधून येणारा करंट तो सतत मोजतो. केबल फुटली, शॉर्ट झालं, मोटारीवर ताण वाढला, की ब्रेकरला ‘उघड’ असा हुकूम देतो. पॅनलवरच्या आकड्यांचा अर्थही ठरलेला आहे: ५० म्हणजे करंट मर्यादेपलीकडे जाताच ट्रिप, ५१ म्हणजे ठरलेला वेळ थांबून ट्रिप, २७ म्हणजे व्होल्टेज पडल्यावर.

पूर्वी रिलेने काय पाहिलं हे कळायला पॅनलसमोर जाऊन उभं राहावं लागे. आजचा रिले हा छोटा संगणकच आहे, आणि कंट्रोल रूममधल्या संगणकाशी तो बहुतेक वेळा मॉडबस या भाषेत बोलतो. मोडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी आणली. सोपी आणि सर्वांना खुली, म्हणून ती अजून टिकून आहे. मोठ्या सबस्टेशनमध्ये आयईसी ६१८५० हे नवं मानक आलं, तरी कारखान्याच्या पॅनलमध्ये मॉडबस सर्रास दिसतो.

रिलेच्या आत क्रमांक दिलेले कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात ० ते ६५,५३५ यांपैकी एक आकडा मावतो. संगणक विचारतो, ‘रिले क्रमांक १, अमुक कप्प्यापासून दोन कप्पे वाचून दाखव.’ रिले आकडे पाठवतो. विचारल्याशिवाय तो सहसा बोलत नाही. वाचण्याचे हुकूम ३ आणि ४ क्रमांकाचे, लिहिण्याचे ५, ६ आणि १६. एका आरएस-४८५ केबलवर साधारण ३२ उपकरणं ओळीने जोडता येतात, अंतर सुमारे १,२०० मीटरपर्यंत.

वाचणं सोपं वाटतं, पण पहिला दिवस हमखास गोंधळात जातो. मॅन्युअलमध्ये ४०००१ छापलेलं असतं, तारेवर मात्र पत्ता ० जातो. एका घराने चुकलं की आर फेजच्या जागी वाय फेजचा करंट दिसतो, आणि दोन्ही आकडे पटण्यासारखे असल्याने महिनोन्महिने कुणाला शंकाही येत नाही. दुसरा घोळ मोठ्या आकड्यांचा. ७,००० अँपिअरचा फॉल्ट करंट रिलेने दशांशात ठेवला तर तो ७०,००० होतो. तो एका कप्प्यात मावत नाही, म्हणून दोन कप्प्यांत विभागला जातो: १ आणि ४,४६४. हे उलट क्रमाने जोडले तर पडद्यावर २९,२५,५२,७०५ उमटतं. ही चूक निदान लपत तरी नाही.

मग ट्रिपचा हुकूम मॉडबसवरून जातो का? फॉल्टच्या वेळी नाही. आपल्याकडे विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. ९,६०० बॉडच्या केबलवर दोन कप्पे विचारून उत्तर घ्यायलाच तेवढा वेळ जातो, आणि रांगेत बाकीचे रिलेही असतात. म्हणून फॉल्टचा निर्णय रिले स्वतः घेतो. केबल तुटली तरी संरक्षण चालूच राहतं.

खरी जोखीम लिहिण्यात आहे. काही लिखाण रोजचं असतं: सगळ्या रिलेंची घड्याळं जुळवणं, किंवा पुढची ट्रिप-नोंद दाखव असं सांगणं. पण ब्रेकर उघडणं आणि सेटिंग बदलणंही त्याच वाटेने होऊ शकतं. मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, हुकूम कुणाचा हेही तो विचारत नाही. अनेक रिलेंमध्ये उत्पादकाने स्वतःचं कुलूप घातलेलं असतं. ते उघडं ठेवायचं की बंद, हे पॅनल चालवणाऱ्याच्या हातात.

जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या लव्हिव शहरात याची किंमत दिसली. हल्लेखोरांनी गरम पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेच्या कंट्रोलरना मॉडबसवरून हुकूम धाडले आणि ६०० हून जास्त इमारती गोठवणाऱ्या थंडीत जवळपास दोन दिवस उबेविना राहिल्या. तिथे रिले नव्हते, पण भाषा हीच होती.

म्हणून जाणते अभियंते पॅनलवरचा स्विच ‘लोकल’वर ठेवून आधी नुसतं वाचन जमवतात. मॉडबस इथरनेटवर असेल तर त्याचं ५०२ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवत नाहीत. सेटिंग लिहायचंच असेल, तर या पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोयीची, कारण तेव्हा ब्रेकर उघडला तरी यंत्रं थांबत नाहीत. लिहिल्यावर तोच कप्पा परत वाचायचा, रिलेच्या पडद्यावरही पाहायचा, कारण काही रिले वेगळा ‘सेव्ह’ हुकूम मिळेपर्यंत जुनंच सेटिंग चालवत राहतात. शेवटी टेस्ट किटने रिलेत करंट सोडून तो ठरलेल्या वेळात ट्रिप होतो का, हे मोजायचं.