पाहुणा वाड्यात कुठवर येतो?

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालात की कापूरहोळला फाटा लागतो. उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. बहुतेक जण इथे नुसते वळतात, फार तर चहाला थांबतात. गावाचं नाव इतिहासात आहे ते मात्र एका बाईमुळे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत बरी नव्हती, बाळाला दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ गडावर गेली आणि राजांची दूधआई झाली. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हेही पुढे राजांच्या सोबत दिसतात.

ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. मला त्यात अडकवतं ते एवढंच, की बाहेरच्या घरातली एक व्यक्ती थेट माजघरापर्यंत पोचली. जुन्या मराठी घरात ते सहज होत नसे.

माझं संशोधन जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर आहे. त्यासाठी वाड्यांमधून फिरते, भिंतींचे चिमूटभर नमुने घेते. पण भिंत कुठली, हे लिहून ठेवायला लागले आणि लक्षात आलं की वाड्याचा नकाशा म्हणजे पाहुण्यांची चाळणी आहे. दिंडी दरवाजातून आत आलात की देवडी. तिथे पहारेकरी, निरोप्या. मग चौक, चौकाला लागून ओसरी आणि सदर. कामाचा माणूस सदरेवर बसणार, तिथेच त्याला पाणी, तिथेच पान-सुपारी. नात्यातला असेल तर आणखी आत, पंगतीला. माजघर घरच्या बायकांचं, त्यापलीकडे देवघर आणि स्वयंपाकघर. कोण कुठे थांबणार हे कुणी सांगावं लागत नसे, उंबरेच सांगत.

आणि काही जणांना पहिला उंबराही नव्हता. पाहुणचाराबद्दल गोड लिहिताना आपण हे विसरतो. गावात सरकारी माणूस मुक्कामाला आला की त्याच्या सरबराईचं ओझं वाहणारे महार होते, त्यांना स्वतःला मात्र वाड्याच्या आत प्रवेश नव्हता. १९०१ साली लहान भीमराव आंबेडकर भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले, तेव्हा जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं कबूल केल्यावर मिळाली, तीही स्वतः हाकायची. रात्र नाक्यावर काढली, प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. ही घटना आपल्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यातली.

बरं, हा सगळा पाहुणचार चालायचा कशावर? वतनावर आणि जमिनीच्या उत्पन्नावर. १९४८ साली कूळकायदा आला, त्याच साली भोर संस्थान भारतात विलीन झालं. १९५० साली परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकी गेली. कायदे योग्यच होते, त्यात मला शंका नाही. फक्त त्यानंतर एवढी मोठी घरं नोकरदारांच्या पगारावर उभी राहिली. वारस वाढले, खण वाटले गेले, कुणी आपल्या वाट्याचं सागवान विकलं. भोरमध्ये पंतसचिवांचा १८६९ चा राजवाडा आहे. तो तुम्ही सिनेमांत बघितला असेल, कुठला वाडा ते माहीत नसतानाही.

दुसरी वाट म्हणजे पाहुण्याकडून पैसे घेणं. उदयपूरच्या महाराणांनी १९६३ साली तळ्यातल्या महालाचं हॉटेल केलं आणि देशभरच्या घराण्यांना ती वाट दिसली. आपल्याकडे सासवडजवळ पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी आता हॉटेल आहे. सावंतवाडीत राजघराणं स्वतः राजवाड्यात राहतं, तिथेच गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात आणि आवारात पाहुण्यांसाठी खोल्याही आहेत. मला हा प्रकार जास्त भावतो, कारण घर राहतं आणि घरातली माणसंही.

पण यात एक गंमत होते. पैसे देणाऱ्या पाहुण्याला सदर नको असते. त्याला आतली खोली हवी, शांत, थंड, संडास-बाथरूम जोडलेली. म्हणजे नकाशा उलटा होतो: पाहुणा माजघरात आणि घरचे मागच्या दाराने ये-जा करणार.

आणि इथे माझी भिंत येते. चुना घाणीत मळून, त्यात गूळ, बेलफळाचं किंवा हिरड्याचं पाणी घालून केलेला गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं घट्ट होतो. तो ओल धरतो आणि सोडतोही. माजघराला खिडक्या जवळजवळ नसतात. तिथे बाथरूम काढली आणि वरून सिमेंट थापलं, की ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही. ती भिंतीतच वर चढते, क्षार फुलतात आणि पापुद्रे सुटतात. मी जे नमुने गोळा करते त्यातले बरेच अशाच भिंतींचे असतात, म्हणजे घर वाचवायला केलेल्या दुरुस्तीचे. (न्हाणीघर पूर्वी परसात असायचं ते उगीच नाही.)

गेल्या हिवाळ्यात भोरच्या बाजूच्या एका वाड्यात दोन रात्री राहिले. चौघा भावांचं घर. दोघांना खोल्या पाहुण्यांना द्यायच्या होत्या, निवास-न्याहारीसारखं काहीतरी. तिसरा म्हणत होता विकून टाकू, चौथा फोनवर होता. मला त्यांनी विचारलं, "मॅडम, कुठली खोली बाथरूमला सोसेल?" मी ओलीचा मीटर घेऊन फिरले आणि देवडीच्या वरचा माडीवाला भाग दाखवला, तिथे पाणी बाहेरच्या बाजूला काढता येतं. भावांना तो पसंत नव्हता. रस्त्याचा आवाज येतो, भाडं कमी मिळेल.

आजी इतका वेळ चुलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पाव्हणं येऊ द्या की. कुनाचं बी पोर येऊ द्या, जात नका इचारू. पन माजघर द्यायचं न्हाई. मी कुठं निजू?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू ग पोरी, गारठ्यात ओसरीवर का निजलीस काल? आज आत ये."

दुसऱ्या रात्री मी माजघरात झोपले. मीटर बाहेरच ठेवला होता. माडीचा निर्णय अजून झालेला नाही. नमुना क्रमांक चौदा मात्र त्याच माजघराचा आहे, आणि त्यात सिमेंट नाही.