जुन्या गिटारचा जन्मदाखला



बैल विकत घ्यायचा तर आपण काय करतो? बाजारात गेल्याबरोबर पैसे मोजीत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. विकणाऱ्याचे बोलणे ऐकून घेतो. पण भरवसा ठेवतो तो दातांवर. अमेरिकेत जुनी, नामांकित गिटार घेणारा शहाणा माणूसही हेच करतो. फरक एवढाच की, बैल म्हातारा झाला म्हणजे त्याची किंमत उतरते, आणि ह्या गिटारची मात्र पुष्कळदा चढते. असे का होते, आणि तिचे दात कसे पाहावेत, हे समजायचे तर थोडे मागे जायला हवे.

ह्या व्यवहारात मोठा मान आहे मार्टिन ह्या नावाला. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन जर्मनीतील सॅक्सनीमधल्या मार्कनॉयकिर्शेन गावी १७९६ साली जन्मला. घराणे सुतारांचे. व्हिएन्नाला योहान स्टाउफर ह्या नामवंत कारागिराच्या हाताखाली तो गिटार करायला शिकला. गावी परतल्यावर मात्र व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाशी सुतारांचा तंटा लागला. "वाद्ये आम्ही करायची, सुतारांनी पेट्या-कपाटे करावीत," असा त्या संघाचा दावा. बलुतेदारीच्या गावात वाढलेल्यांना हे भांडण निराळे समजावून सांगायला नको! ह्या कटकटीला कंटाळून १८३३ साली मार्टिन न्यूयॉर्कला गेला, आणि १८३९ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातील नॅझरेथ ह्या लहानशा गावी स्थायिक झाला. तिथे हा कारखाना आजही त्याच घराण्याच्या नावाने चालू आहे.

आता पहिली गंमत पाहा. कारखाना नॅझरेथला, पण गिटारवर शिक्का न्यूयॉर्कचा! कारण माल विकला जाई तो न्यूयॉर्कमधून. हा प्रकार १८९८ पर्यंत चालला. म्हणजे नुसता शिक्का वाचून 'ही न्यूयॉर्कला घडली' असे कुणी म्हणाले, तर ते चुकीचे ठरण्याचाच संभव अधिक. लिहिलेले सारेच खरे नसते, हा इतिहासाचा पहिला धडा इथे मिळतो.

त्याच १८९८ साली कारखान्याने प्रत्येक गिटारला क्रमांक द्यायला सुरुवात केली. पहिला क्रमांक एक नव्हे, तर आठ हजार; कारण तोवर तितक्या गिटारी झाल्या असाव्यात असा अंदाज त्यांनी बांधला. मान जिथे धडाला जोडली जाते, तिथे आतल्या ठोकळ्यावर हा आकडा ठोकलेला असतो. कोणत्या साली कोणत्या आकड्यापर्यंत काम झाले, ह्याचे कोष्टक छापलेले आहे. आकडा पाहा, कोष्टक पाहा, जन्मसाल हातात येते. हाच तो जन्मदाखला.

साल कळून उपयोग काय? उपयोग आहे. गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार असतो. मार्टिनने १८४० नंतरच्या दशकात ह्या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवल्या. त्या वेळी तारा आतड्याच्या, ताण बेताचा. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या, तेव्हा तीच फुली कामी आली. पट्ट्या कोरून हलक्या केल्या की फळी मोकळी थरथरते आणि आवाज भरदार येतो. पण लोक फार जाड तारा चढवू लागले, फळ्या फुगू लागल्या. म्हणून १९४४ च्या अखेरीस पट्ट्या कोरणे बंद झाले. पुढे वाजवणाऱ्यांना जुना आवाज आठवू लागला, आणि त्या सालाआधीच्या गिटारींना सोन्याचा भाव आला. डी-४५ हा सर्वांत उंची नमुना १९३३ ते १९४२ ह्या काळात अवघा ९१ नगांचा झाला. मागणारे हजारो, वस्तू मोजक्या. मग किंमत का चढणार नाही?

दुसरे कारण लाकडाचे. पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवाच्या असत. तो दुर्मिळ झाल्यावर १९६९ च्या सुमारास कारखान्याने आपल्या हिंदी शिसवाकडे मोर्चा वळवला. सह्याद्रीच्या रानात वाढणारा, आपल्या वाड्यांतल्या पलंगांचा शिसव तो हाच. १९९२ पासून ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आली. तेव्हा अशी गिटार परदेशातून आणायची तर लाकूड त्याआधीचे असल्याचा कागद लागतो. कागदाशिवाय वस्तू जकातीच्या नाक्यावर अडकते, आणि घेणाऱ्याचे आयुष्यभराचे साठवलेले पैसेही तिच्याबरोबर अडकतात.

मग घेताना काय पाहावे? आतला क्रमांक आणि विकणारा सांगतो ते साल जुळते का, ते पाहा. छोटा आरसा आत घालून पट्ट्या सुटल्या आहेत का, ते पाहा. मान पुढे झुकून तारा फार उचलल्या असतील, तर घाबरू नका. मान खाचेत सरसाने बसवलेली असते, वाफ देऊन ती सोडवता येते आणि पुन्हा सरळ बसवता येते. तो खर्च किमतीतून वजा करून मागा, म्हणजे झाले. पण वरून नवे चकचकीत रोगण चढवले असेल, तर सावध व्हा. जुन्या वस्तूवर नवी झळाळी आली की किंमत वाढत नाही, उतरते. आणि सर्वांत शेवटी, ती वाजवून ऐका. आवाज हाच खरा मालक आहे.

शिक्षक बंधूंना एक विनंती. ही गिटार आपल्या शाळेत येणार नाही, न येवो. पण मुलांना घरचा जुना हंडा, जुनी पेटी, जुना नांगर पाहायला सांगा. त्यावर कुणाचे नाव कोरले आहे? कुठे डाग दिला आहे? कोणते लाकूड वापरले आहे? आजोबा सांगतात ते आणि वस्तू सांगते ते जुळते का? एवढे प्रश्न मुले विचारू लागली, म्हणजे सनावळी पाठ न करताही त्यांना इतिहास येऊ लागला असे समजा.