खटलं, खटला आणि उलटा दावा

वऱ्हाडात 'खटलं' म्हणजे नांदतं घर: माणसं, बैल, वावर, सगळं मिळून. अमरावती-अकोल्याच्या कचेरीत मात्र 'खटला' उभा राहतो, आणि धुऱ्याच्या भांडणातून खुन्नस काढायला कुणी खोटी फिर्याद दिली, की तो खटला आधी त्या खटल्याच्या घरावरच येतो. 'फिर्याद' हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ मदतीची हाक. 'अब्रू'ही तिकडचीच: चेहऱ्यावरचं पाणी. पहिलीचा आव आणून दुसरी घालवणाऱ्याकडून भरपाई मागायची, त्या उलट्या दाव्याची ही कुळकथा.

त्याचं मूळ इंग्लंडात सापडतं. शपथा घेऊन, संगनमताने दुसऱ्याला खोट्या आरोपात गोवणारे कोण, हे तिथे 1305 मध्ये ठरलं. पण कटाला निदान दोघं लागतात. एकट्यानेच कुभांड रचलं तर? तीही वाट न्यायाधीशांनी हळूहळू मोकळी केली. 1698 मध्ये सरन्यायाधीश होल्ट यांनी 'सॅव्हिल विरुद्ध रॉबर्ट्स' खटल्यात नुकसानीचे तीन प्रकार मांडले: नावाला बट्टा, जिवाला किंवा मोकळेपणाला धोका, आणि पैशाची झीज. आजही वकील याच तीन खात्यांत हिशेब मांडतात.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हा इंग्रजी न्यायाची चौकट इथे आली. हा दावा कुठल्या अधिनियमाच्या कलमातून जन्मला नाही. न्याय, समता आणि सद्‌विवेक या नावाखाली निकालांमागून निकाल येत तो हिंदुस्थानात रुजला.

इथे एक गाठ होती. पोलिसांनी खटला भरला, तर दावा लावायचा कुणावर? 1908 मध्ये 'गयाप्रसाद विरुद्ध भगतसिंग' या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ती सोडवली: कागदावर फिर्यादी कोण एवढंच पाहू नका, खोटी खबर कुणी दिली आणि आरोपाच्या आधी व नंतर तो कसा वागला, ते पाहा. खबर देऊन फौजदाराआड लपायची सोय गेली.

तरी दावा जिंकणं सोपं नाही. खटला समोरच्याने चालवला, तो आपल्या बाजूने संपला, त्याला रास्त आधार नव्हता आणि मनात द्वेष होता, हे सगळं वादीनेच शाबीत करायचं. शिवाय नुकसान दाखवायचं. फौजदारी निकालाची नक्कल जोडली, तर ती 'सुटला' एवढंच सांगते. आधार नव्हता, हे दिवाणी कोर्टात साक्षीपुराव्याने नव्याने दाखवावं लागतं. संशयाचा फायदा मिळून सुटलेला इथेच अडखळतो.

गंमत अशी, की ज्या हक्काची व्याख्या अधिनियमात नाही, त्याची मुदत मात्र छापलेली आहे. 1963 च्या मुदत कायद्यातला अनुच्छेद 74 सांगतो: निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्यथा संपल्यापासून 1 वर्ष.

आणि सुटल्याच्या दिवशी माणूस काय करतो? पेढे वाटतो. नक्कल काढून ठेवा, असं वकिलाने सुचवलं तर हात जोडतो: "सुटलो नं बाप्पा! आता कायले पुन्हा पेशीवर जा लागते?" वर्षानुवर्षं पेशीपायी पडीक राहिलेल्या वावरात तो कपाशी लावतो. ती वेचून होते, पुढची पेरणी येते, आणि तेवढ्यात वर्ष सरतं.