आईचे तिकीट

धाकट्या बहिणीला दिवस गेले आहेत. ती शिकागोला आणि आई इथे दारव्ह्याला. आईने बाळंतपणाला जावे हे ठरले, पण तिकीट कोणते काढावे यावरून आमच्या ओसरीवर रोज पंचायत भरू लागली. बहिणीने दोन मार्ग सुचविले होते. दुसरा अठरा हजारांनी स्वस्त! मास्तराच्या घरात अठरा हजार म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

मला जुने चाळण्याची खोड. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. भाडे १,७२० रुपये. माझे आजोबा तेव्हा महिना पन्नास रुपयांचे शिक्षक. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा पगार! घासाघिशीची सोयही नव्हती. १९४५ साली हवाना येथे विमान कंपन्यांची संघटना स्थापन झाली होती. तिच्या परिषदांत भाडी ठरत, सरकारे त्यांना मान्यता देत. बाजारातल्या सगळ्या माळणींनी वांग्यांचा एकच भाव बांधावा, तसला प्रकार. आइसलंडची लॉफ्टलेडिर कंपनी मात्र या संघटनेबाहेर राहिली आणि आपल्या बेटावर थांबत, सावकाश, पण स्वस्तात अटलांटिकपार नेऊ लागली. पुढे २६ सप्टेंबर १९७७ ला फ्रेडी लेकरने लंडनजवळून न्यूयॉर्कला ५९ पौंडांत विमान सोडले. आगाऊ आरक्षण नाही. रांग लावा नि बसा. १९८२ मध्ये त्याची कंपनी बुडाली, पण फुटलेला भाव काही पुन्हा बांधला गेला नाही. भाडे कमी झाले ते असे : उरलेली किंमत प्रवाशाने रांगेत आणि खोळंब्यात मोजली.

आमच्या स्वस्त मार्गातही तेच होते. ती खरी दोन निराळ्या कंपन्यांची दोन तिकिटे. मध्ये सामान आपणच सोडवून पुन्हा द्यायचे. पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरे थांबणार नाही, पैसेही बुडणार.

हे मी आईला समजावीत होतो. ती शेंगा फोडीत होती.

"म्हणजे मूर्तिजापूरच," ती म्हणाली. आता बंद असलेली आमची शकुंतला, यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी, एकदा उशिरा पोचली होती. मुंबईची गाडी निघून गेलेली. "तू कडेवर होतास. रात्र फलाटावर काढली. पण तिथं बोलायला आपली माणसं होती. तिकीट एकच काढ, बापा."

मी अठरा हजार जास्त भरले. सध्या आई वाण्याच्या काट्यावर अनारशांचा डबा तोलून आणते आहे. तेवीस किलोंत काय काय बसेल, हा हिशेब अजून सुटलेला नाही.