सतराजणींची बैठक

शिकलेल्या स्त्रिया एकत्र जमल्या म्हणजे तेथें काय चालत असेल, याविषयीं आम्हां पुरुषांच्या मनांत एक ठरीव चित्र असतें. थोडें चहापाणी, थोडें गाणें, एखादें व्याख्यान आणि शेवटीं आभारप्रदर्शन. हें चित्र आमच्याही मनांत पुष्कळ वर्षें होतें, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही ज्या कॉलेजांत शिकवितों तेथील पदवीधर स्त्रियांचें एक मंडळ दर महिन्यास एका खोलींत जमतें. त्या खोलीवरून जातांना आम्ही व आमचे सहकारी एकमेकांकडे पाहून किंचित् हंसत असूं. त्या हंसण्यांत द्वेष नव्हता, पण आदरही नव्हता. पुढें अमेरिकेंतील उच्च शिक्षणाचा इतिहास वाचण्याचा प्रसंग आला, तेव्हां अशाच एका लहानशा बैठकीची हकीकत आमच्या वाचनांत आली, आणि आपण कशास हंसत होतों याचा विचार करणें आम्हांस भाग पडलें. ती हकीकत वाचकांस सांगावी, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

ही बैठक बोस्टन शहरांत २८ नोव्हेंबर १८८१ रोजीं भरली. तीस आलेल्या स्त्रिया अवघ्या सतरा होत्या. पण त्या आठ निरनिराळ्या विद्यालयांच्या पदवीधर होत्या, आणि त्या काळीं हीच गोष्ट अपूर्व होती. ओबर्लिन कॉलेजानें १८३७ सालीं चार मुलींस पदवीच्या अभ्यासक्रमांत प्रवेश देऊन वाट मोकळी केली होती खरी. तथापि व्हासार १८६५ सालीं, स्मिथ आणि वेल्स्ली हीं कॉलेजें १८७५ सालीं सुरू झालीं, व मिशिगन विद्यापीठाचे दरवाजे १८७० सालीं उघडले. म्हणजे पदवी घेतलेल्या स्त्रियांची पहिली मोठी पिढी नुकतीच बाहेर पडत होती. बाहेर पडून तिनें करावयाचें काय, हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें.

त्या बैठकीचें मूळ एका आईच्या काळजींत आहे. एमिली टॅल्बट या बाईंनीं बोस्टनच्या मुलींसाठीं लॅटिन शाळा निघावी म्हणून खटपट केली होती, व ती शाळा १८७८ सालीं निघालीही. त्यांची मुलगी मॅरियन हिनें १८८० सालीं बोस्टन विद्यापीठाची पदवी घेतली. पदवी मिळाली आणि मुलगी एकाकी पडली. ज्या मैत्रिणी कॉलेजांत गेल्या नाहींत त्यांचें जग निराळें झालें होतें; ज्या गेल्या त्या दूरदूरच्या गांवीं विखुरल्या होत्या; आणि शिकलेल्या विद्येस बाजारांत फारसें गिऱ्हाईक नव्हतें. अशा मुलींना एकमेकींचा आधार मिळावा, ही कल्पना आईच्या मनांत आली. तिला एलन स्वॅलो रिचर्ड्स या विदुषीची जोड मिळाली. रिचर्ड्सबाई व्हासारच्या पदवीधर असून मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री होत्या. त्यांना तेथें फी माफ होती. ही कृपा आहे असें त्यांना प्रथम वाटलें. पुढें कळलें कीं, कोणीं हरकत घेतल्यास ‘ही आमची विद्यार्थिनी नव्हेच’ असें म्हणतां यावें म्हणून ती सोय होती! १८७३ सालीं त्यांनीं तेथील रसायनशास्त्राची पदवी मिळविली. तेव्हां विद्येच्या मंदिरांत असूनही हिशेबांत नसणें म्हणजे काय, हें त्यांना दुसऱ्या कोणीं सांगावयास नको होतें.

सतराजणींची ती बैठक झाली, आणि १४ जानेवारी १८८२ रोजीं पासष्ट स्त्रियांनीं मिळून रीतसर संस्था स्थापिली. मॅरियन टॅल्बट चिटणीस झाली. येथपर्यंतची हकीकत कोणत्याही मंडळाच्या अहवालांत शोभावी अशीच आहे. पण त्या संस्थेनें आपलें पहिलें मोठें काम म्हणून जें हातीं घेतलें, त्यामुळें तिला इतिहासांत जागा मिळाली.

तें काम समजण्यासाठीं आठ-नऊ वर्षें मागें गेलें पाहिजे. १८७३ सालीं डॉ. एडवर्ड क्लार्क या गृहस्थांनीं मुलींच्या शिक्षणावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. हे हार्वर्डच्या वैद्यकशाळेंत प्राध्यापक असलेले प्रतिष्ठित वैद्य. त्यांचें म्हणणें असें कीं, शरीराची शक्ति परिमित आहे. वयांत येण्याच्या काळीं मुलीनें ती मेंदूकडे खर्च केली तर मातृत्वाच्या इंद्रियांस ती पुरत नाहीं, आणि ती मुलगी जन्माची दुखणाईत होते. या सिद्धांतास आधार म्हणून त्यांनीं उदाहरणें दिलीं सात. सात रोगी मुलींवरून एका पिढीचें भवितव्य ठरविलें गेलें. आणि पुस्तक इतकें खपलें कीं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. घरोघरीं आईबाप विचारूं लागले, मुलीला पाठवावें कीं न पाठवावें? ज्यांना पाठवावयाचें नव्हतें त्यांना आतां शास्त्राचा आधार मिळाला.

या पुस्तकास त्या काळीं पुष्कळांनीं उत्तरें दिलीं. तीं आवेशानें लिहिलेलीं होतीं व त्यांत युक्तिवादही होता. पण मताला मतानें उत्तर दिलें म्हणजे वाद मिटत नाहीं, वाढतो. बोस्टनच्या मंडळानें निराळा मार्ग धरला. क्लार्कसाहेबांनीं सात पाहिल्या. आपण सगळ्यांना विचारूं, असें त्यांनीं ठरविलें. अ‍ॅनी हाउझ या बाईंच्या नेतृत्वाखालीं समिति नेमली गेली आणि चाळीस प्रश्नांची एक प्रश्नावलि तयार झाली. तींत बालपणाविषयीं, आईबापांच्या प्रकृतीविषयीं, कॉलेजांतील अभ्यास, व्यायाम व मनाची चिंता यांविषयीं, आणि पदवीनंतरच्या प्रकृतीविषयीं विचारलें होतें. १२९० पदवीधर स्त्रियांकडे ती पाठविली गेली. ७०५ जणींनीं उत्तरें दिलीं.

येथें त्या मंडळाच्या शहाणपणाची विशेष नोंद केली पाहिजे. आलेल्या उत्तरांचा हिशेब त्यांनीं स्वतः जाहीर केला असता, तर ‘वकील आणि न्यायाधीश एकच’ असा आक्षेप आला असता. म्हणून त्यांनीं तीं सर्व उत्तरें मॅसॅच्युसेट्स राज्याच्या श्रमविषयक आंकडेवारीच्या खात्याकडे सोंपविलीं. त्या खात्यानें १८८५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. उत्तरें देणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें ७८ स्त्रियांची प्रकृति चांगली होती, ५ जणींची मध्यम, आणि १७ जणींची वाईट. उच्च शिक्षणामुळेंच स्त्रीची प्रकृति ढासळते असें म्हणण्यास आधार नाहीं, असा त्याचा अर्थ झाला.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळें या पुराव्याचीं व्यंगेंही सांगितलीं पाहिजेत. ज्या ५८५ जणींनीं उत्तर दिलें नाहीं त्यांची प्रकृति कशी होती, हें आंकडे सांगत नाहींत. कदाचित् आजारी असलेल्यांनींच पत्रें बाजूस ठेवलीं असतील. ‘आपली प्रकृति चांगली’ हें ज्याचें त्यानें सांगितलें होतें. कोणीं नाडी पाहिली नव्हती. शिवाय या स्त्रिया बहुधा खात्यापित्या घरच्या, म्हणजे आधींच निरोगी असण्याचा संभव अधिक. हें सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. सात उदाहरणांपुढें सातशें पांच उत्तरें ठेवलीं गेलीं, आणि यापुढें या विषयावर बोलणाऱ्यानें मोजून बोललें पाहिजे असा दंडक पडला. आमच्या मतें हेंच त्या बैठकीचें खरें फळ होय.

पुढील वर्षांत संस्थेचीं इतर कामेंही वाढलीं. रिचर्ड्सबाई व मॅरियन टॅल्बट यांनीं गृहस्वच्छतेच्या अभ्यासासाठीं एक मंडळ चालविलें, आणि सांडपाणी, हवा, उजेड यांची घरच्या घरीं परीक्षा कशी करावी हें सांगणारें पुस्तक १८८७ सालीं संपादिलें. पुढील अभ्यासासाठीं स्त्रियांस शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. गांवोगांवीं शाखा निघाल्या. त्यांतील पहिली शाखा वॉशिंग्टन शहरांत १८८४ सालीं निघाली. त्या शाखेचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तिच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचें आहे.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललें होतें, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. ज्या १८८२ सालीं बोस्टनची संस्था निघाली त्याच सालीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला. मुंबई विद्यापीठानें स्त्रियांस पदवीपरीक्षेची मोकळीक दिली ती १८८३ सालीं. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, तेव्हां त्याच्या अभ्यासक्रमावर लोकमान्यांच्या पक्षाकडून केवढी टीका झाली, हें सर्वश्रुत आहे. बोस्टनमध्यें आक्षेप वैद्यकाच्या भाषेंत आला, आमच्याकडे गृहधर्माच्या भाषेंत. धास्ती एकच होती. फरक इतकाच कीं, तिकडे जमणाऱ्या स्त्रिया पदवी घेऊन जमत होत्या, आणि इकडे पुष्कळजणींना सभेस जाणें हीच परीक्षा होती. श्रीमती रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी ज्यांनीं वाचल्या आहेत, त्यांना घरांतील वडील बायकांचा रोष सोसून सभेस जाण्याची किंमत सांगावयास नको. या दोन प्रवाहांची प्रत्यक्ष भेटही झाली. पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या असतां त्यांच्या कार्यास साह्य करण्याकरितां १८८७ सालीं मंडळी निघाली ती बोस्टन शहरांतच. आणि तिच्या आश्रयानें १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें.

आतां त्या वॉशिंग्टनच्या शाखेची गोष्ट. येथें आम्ही थांबलों असतों तर हा लेख केवळ स्तुतिपाठ झाला असता.

मूळची संस्था १९२१ सालीं दक्षिणेकडील तशाच एका मंडळांत मिळून अखिल अमेरिकन झाली. १९४६ सालीं वॉशिंग्टन शाखेकडे एका त्र्याऐंशी वर्षांच्या बाईंचा सभासदत्वासाठीं अर्ज आला. त्यांचें नांव मेरी चर्च टेरेल. त्यांचे आईबाप गुलामगिरींत जन्मलेले. त्यांनीं स्वतः १८८४ सालीं ओबर्लिनची पदवी घेतलेली, म्हणजे त्या पहिल्या सतराजणींत ज्या कॉलेजाच्या पदवीधर बसल्या होत्या त्याच कॉलेजाची. त्या शिक्षिका होत्या, वॉशिंग्टनच्या शिक्षणमंडळाच्या सभासद राहिल्या होत्या, १९०४ सालीं बर्लिनच्या परिषदेंत त्यांनीं जर्मन भाषेंत भाषण केलें होतें. पूर्वी त्या याच संस्थेच्या सभासदही होत्या. शाखेनें अर्ज नाकारला. कारण एकच: बाई कृष्णवर्णीय होत्या.

मध्यवर्ती संस्थेनें शाखेस बजावलें कीं, प्रवेश द्या, नाहीं तर आमच्यांतून बाहेर पडा. शाखा न्यायालयांत गेली आणि तेथें जिंकली. संस्थेच्या तत्कालीन नियमांप्रमाणें या कारणावरून शाखेस काढतां येत नाहीं, असा निकाल झाला. मग १९४९ सालीं सिअ‍ॅटल येथील अधिवेशनांत संस्थेनें आपले नियमच बदलले. मान्य विद्यालयाची पदवी एवढीच पात्रता, दुसरी कोणतीही नाहीं, असें प्रचंड बहुमतानें ठरलें. वॉशिंग्टनच्या पुष्कळ सभासद स्त्रिया फुटून निराळ्या झाल्या. नवी शाखा निघाली आणि टेरेलबाई तींत बसल्या.

या गोष्टींत आम्हांस विशेष वाटतें तें हें. पूर्वीं ज्या संस्थेनें ‘आम्हांला न विचारतां आमच्याविषयीं ठरवूं नका’ असें म्हटलें, तिच्याच पहिल्या शाखेनें एका वृद्ध विदुषीविषयीं तिला न विचारतां ठरवून टाकलें. स्वतः दाराबाहेर उभें राहिल्याची आठवण पुढच्या पिढीस आपोआप मिळत नसते. आपल्याकडील मंडळांनीं, विशेषतः जेथें जात आणि आळी पाहून ओळखी होतात तेथें, ही गोष्ट केवळ अमेरिकेची म्हणून सोडून देऊं नये.

आणि आमच्या कॉलेजांतील त्या खोलीविषयीं. मध्यंतरीं त्या मंडळानें आम्हांस बोलावलें होतें. व्याख्यान द्यावयाचें असेल असें समजून आम्ही टिपणें घेऊन गेलों. तेथें चहा होता, पण व्याख्यान नव्हतें. टेबलावर एक वही होती, आणि तींत गेल्या कांहीं वर्षांत पदवीपूर्वीं शिक्षण सोडलेल्या मुलींचीं नांवें, व नांवापुढें कारण लिहिलें होतें: लग्न, बापाचें आजारपण, शेवटच्या एस.टी.ची वेळ, फी. वर्गशिक्षक या नात्यानें आम्हीं कारण खरें कीं खोटें हें ताडून पाहावें, एवढीच त्यांची विनंति होती. त्या यादींत दोन नांवें आमच्या वर्गांतलीं निघालीं. हजेरीपटावर त्यांच्या नांवांवर रेघ आम्हींच ओढली होती. कारण विचारल्याचें मात्र आम्हांस आठवेना.

वहींतील त्या दोन नांवांपुढचा रकाना अजून कोरा आहे. तो भरून देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.