फवारणीतील विषबाधा : नुकसानभरपाईचे मार्ग आणि आवश्यक कागदपत्रे

आर्णी : कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हटले जाते. हे औषध फवारणाऱ्याच्याच जिवावर बेतल्यास त्याला कायद्याचा आधार कोठे मिळतो, हा प्रश्न २०१७च्या खरीप हंगामाने ऐरणीवर आणला. त्या वर्षी आर्णीसह यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांतील शेतकरी व शेतमजुरांना फवारणी करताना विषबाधा झाली. जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला, तर शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. काहींची दृष्टी काही काळ अधू झाली.

कपाशी माणसाच्या उंचीला पोहोचली होती. त्यामुळे फवाऱ्याचे तुषार थेट चेहऱ्यावर येत होते. दमट उकाडा, अळीचा प्रादुर्भाव, दोन-तीन कीटकनाशके एकत्र करण्याची पद्धत आणि संरक्षक साधनांचा अभाव यांनी धोका वाढवला. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि यवतमाळसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये राज्याला अशी तात्पुरती बंदीच घालता येते. कायमची बंदी केंद्राच्या अधिकारात आहे.

शेतकऱ्यांसाठी अनुदान

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. २०२३ पासून विमा कंपनीऐवजी शासनच सानुग्रह अनुदान देते. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. अपंगत्व आल्यास त्याच्या स्वरूपानुसार एक किंवा दोन लाख रुपये दिले जातात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यावा लागतो. आत्महत्या या योजनेत बसत नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत ‘फवारणी करताना विषबाधा’ असा स्पष्ट उल्लेख असणे महत्त्वाचे ठरते. नोंद केवळ ‘विषप्राशन’ अशी झाल्यास प्रस्ताव अडण्याची शक्यता असते.

योजना सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरती मर्यादित आहे. दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर फवारणी करणारा भूमिहीन मजूर तीत येत नाही.

मजुरांसाठी मालकाची जबाबदारी

शेतीतील कीटकनाशक फवारणीचे काम १९२३च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद होते. हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामावर असताना व कामामुळे इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करणे सामान्यतः आवश्यक नसते. प्रत्यक्षात मात्र मालक हा अनेकदा दोन-चार एकरांचा कर्जबाजारी शेतकरीच असतो. गावातल्याच माणसाविरुद्ध दावा करण्यास मजुराचे कुटुंब सहसा धजावत नाही.

उत्पादक व विक्रेत्याविरुद्ध दाद

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२०पासून अमलात आला. त्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष उत्पादनामुळे, तसेच योग्य वापराच्या सूचना वा धोक्याचा इशारा न दिल्यामुळे इजा, आजार किंवा मृत्यू झाल्यास उत्पादकाविरुद्ध भरपाई मागता येते. उत्पादकाने दिलेल्या सूचना ग्राहकापर्यंत न पोहोचवणारा विक्रेताही जबाबदार धरला जाऊ शकतो. उपजीविकेसाठी शेती करणारा शेतकरी ‘ग्राहक’ ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकाच्या व्याख्येत येतो. मृताच्या वारसांनाही तक्रार करता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षे असून ती राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल करता येते.

मात्र कलम ८७मधील अपवाद मजुराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. उत्पादन मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी विकत घेतले असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला इशारा दिला असेल, तर इशाऱ्याअभावी झालेल्या हानीचा दावा उत्पादकाविरुद्ध टिकत नाही. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तीत फेरफार केला, असाही बचाव घेता येतो. अनेक औषधे एकत्र करून फवारल्यास नेमका हाच मुद्दा पुढे येऊ शकतो.

स्वित्झर्लंडमधील दावा

यवतमाळच्या घटनेचे पडसाद परदेशातही उमटले. सप्टेंबर २०२०मध्ये ५१ बाधितांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार करण्यात आली. दोन मृतांच्या पत्नी व एक बाधित अशा तिघांनी कंपनीचे मुख्यालय असलेल्या बासेलमध्ये भरपाईसाठी स्वतंत्र कायदेशीर कारवाई सुरू केली. ‘पोलो’ या डायफेन्थियुरॉनयुक्त कीटकनाशकामुळे विषबाधा झाल्याचा त्यांचा आरोप होता; कंपनीने तो नाकारला. कोणत्या उत्पादनामुळे इजा झाली, हे दाखवणे अशा प्रत्येक दाव्यात कळीचे ठरते.

काय जपून ठेवावे

कृषी केंद्राचे पक्के बिल, रिकामा डबा किंवा पाकीट, त्यावरील लेबल व माहितीपत्रक टाकून देऊ नये. लेबलवरील चौकोनातील लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम, तर हिरवा सौम्य विषारीपणा दर्शवतो. डबा रुग्णासोबत, पिशवीत बंद करून, रुग्णालयात न्यावा. औषधातील घटक समजल्यास डॉक्टरांना उपचाराची दिशा ठरवता येते. केसपेपर, रक्त तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, पोलीस पंचनामा आणि मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घ्याव्यात. मजुराने कोणाच्या शेतात, कोणत्या दिवशी व किती मजुरीवर फवारणी केली, हे सोबतच्या साक्षीदारांच्या नावांसह लिहून ठेवावे. बिल मालकाच्या नावे असल्यास त्याची प्रत मागून घ्यावी.

वकिलाचा खर्च न परवडणाऱ्यांना तालुका विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्य मागता येते. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ग्राहक मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन उपलब्ध आहे.

ज्याच्याकडे सातबारा नाही, बिल नाही आणि रोजंदारीची नोंदही नाही, अशा मजुराचा दावा या सर्व मार्गांवर सर्वात कमकुवत ठरतो. पंप मात्र बहुधा त्याच्याच पाठीवर असतो.