साठवणीचीं यंत्रें आणि त्यांचे धनी

जुन्या पेढ्यांवर हिशेबाच्या दोन वह्या असत. दिवसभरांत जें जें घडेल तें त्याच क्रमानें रोजकीर्दींत उतरवावयाचें आणि मागाहून सवडीनें खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचें, ही रीत आपल्याकडे फार पूर्वींपासून चालत आली. मध्येंच दिवा विझला, शाई सांडली किंवा कारकून उठून गेला, तरी कीर्द शाबूत असली म्हणजे खतावणी पुन्हां उभी करतां येई. संगणकाच्या पोटांत जी माहिती साठवितात तिची चोख व्यवस्थाहि याच तत्त्वावर चालते. परंतु जगांत अतिशय लोकप्रिय झालेल्या एका मुक्त-स्रोत डेटाबेसाच्या पदरांत हें तत्त्व उशिरा पडलें, आणि पडलें तेंहि परक्याच्या हातून. पुढें तो परकाच प्रतिस्पर्ध्याच्या घरीं गेला, आणि एका लहानशा स्वीडिश कंपनीवर मोठा बिकट प्रसंग ओढवला.

हा डेटाबेस म्हणजे मायएस्क्यूएल. फिन्लंडचे मायकेल विडेनियस (त्यांना सारे मॉन्टी या नांवानें ओळखतात), आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ॲक्समार्क व ॲलन लार्सन यांनीं १९९५ सालीं तो जगापुढें ठेवला. त्याच्या रचनेंत प्रारंभापासून दोन मजले होते असें म्हटलें तरी चालेल. वरच्या मजल्यावर प्रश्न वाचला जातो, त्याचा अर्थ लावला जातो आणि उत्तर कोणत्या वाटेनें शोधावयाचें हें ठरतें. खालच्या मजल्यावर प्रत्यक्ष नोंदी तबकडीवर ठेवल्या व काढल्या जातात. या खालच्या मजल्यालाच स्टोअरेज इंजिन, म्हणजे साठवणीचें यंत्र, असें नांव आहे. विशेष हा कीं वरचा मजला तोच ठेवून खालचें यंत्र बदलतां येई. इतकेंच नव्हे, तर एकाच घरांत दोन तक्ते दोन निराळ्या यंत्रांवर चालवितां येत. इतर डेटाबेसांत असली सोय सहसा नव्हती.

या घरचें त्या काळचें मुख्य यंत्र मायआयसॅम. तें हलकें होतें, वाचण्यांत चपळ होतें, आणि संकेतस्थळांच्या पहिल्या लाटेला तेवढें पुरेसें वाटलें. पण त्याला रोजकीर्द नव्हती. एक जण लिहूं लागला कीं सबंध तक्त्याला कुलूप पडे व बाकीचे ताटकळत राहत. लिहितां लिहितां वीज गेली, तर तक्ता मोडक्या अवस्थेंत सांपडे आणि दुरुस्तीचें निराळें हत्यार चालवून तो जुळवावा लागे. एकाच्या खात्यांतून शंभर रुपये काढून दुसऱ्याच्या खात्यांत घालावयाचे असतील, तर दोन्ही नोंदी एकदम व्हाव्या किंवा एकहि होऊं नये, अशी हमी देण्याची त्याच्यांत शक्तिच नव्हती. या हमीचें ओझें डेटाबेसानें वाहण्याचें कारण नाहीं, तें वापरणाऱ्यानें आपल्या कार्यक्रमांत संभाळावें, असा युक्तिवाद त्या काळीं मायएस्क्यूएलच्या बाजूनें होत असे. उणिवेला तत्त्वाचा मुलामा देण्याची ही तऱ्हा सर्वच धंद्यांत आढळते. पतपेढीचा हिशेब ठेवणाऱ्याचें समाधान तिनें होणें कठीण होतें.

ती उणीव भरून काढली हेल्सिंकीच्या हेइक्की तूरी यांनीं. त्यांच्या इनोबेस नांवाच्या लहान कंपनीनें तयार केलेलें इनोडीबी हें यंत्र २००१ सालीं मायएस्क्यूएलबरोबर मिळूं लागलें. यांत रोजकीर्द होती: कोणताहि बदल मूळ पानावर कायम होण्यापूर्वीं त्याची नोंद आधीं कीर्दींत पडे, आणि यंत्र अकस्मात् बंद पडलें तर पुन्हां सुरू होतांना तें कीर्द वाचून आपलें आपण सावरून घेई. सबंध तक्त्याऐवजीं फक्त त्या त्या ओळीला कुलूप लागे. शिवाय लिहिणाऱ्याचें काम पुरें होईपर्यंत वाचणाऱ्याला ओळीची जुनी प्रत दाखविण्याची युक्ति त्यांत होती; त्यामुळें वाचणारा व लिहिणारा एकमेकांच्या पायांत येत नसत. नोंदींची मांडणी मात्र बी-ट्री या वृक्षरचनेचीच होती. ती रचना रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट यांनीं बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेंत शोधून काढली, त्याला तेव्हां तीस वर्षें होत आलीं होतीं.

ज्यांना पैशाचा व मालाचा हिशेब ठेवावयाचा होता ते सारे हळुहळू इनोडीबीकडे वळले. आणि येथेंच मेख होती. मायएस्क्यूएल कंपनीचा धंदा दुहेरी परवान्यावर उभा होता. जी.पी.एल. या मुक्त परवान्याखालीं माल कोणालाहि फुकट मिळे. ज्याला त्या परवान्याच्या अटी नकोत त्यानें पैसे मोजून निराळा परवाना घ्यावा. पण विकत परवाना देण्याचा हक्क ज्याची मालकी त्याला, आणि इनोडीबीची मालकी इनोबेसकडे होती. मायएस्क्यूएल तें कराराने वापरी.

ऑक्टोबर २००५ मध्यें ऑरॅकल या बलाढ्य कंपनीनें इनोबेस विकत घेतली. करार पुढच्याच वर्षीं संपावयाचा होता, आणि ऑरॅकलनें आपल्या जाहीर निवेदनांत त्याचा शांतपणें उल्लेखहि केला. एवढ्यावर हें थांबलें नाहीं. मायएस्क्यूएलजवळ हमी देणारें दुसरें एक यंत्र होतें, तें स्लीपीकॅट कंपनीच्या बर्कली डीबीवर बेतलेलें. फेब्रुवारी २००६ मध्यें ऑरॅकलनें स्लीपीकॅटहि घेतली. घर आपलें, पण दोन्ही भरंवशाचे पाये शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर, अशी अवस्था झाली. करार पुढें वाढवून मिळाला हें खरें. परंतु एकदां बसलेली धास्ती करारानें जात नाहीं.

धास्तीपोटीं मग नव्या यंत्रांचा हंगाम आला. इंटरबेसचे जनक जिम स्टार्की यांची कंपनी मायएस्क्यूएलनें घेतली व त्यांच्याकडून फाल्कन नांवाचें यंत्र बांधविण्यास प्रारंभ केला. विडेनियस स्वतः मारिया या यंत्रावर बसले. मायआयसॅमला पडझडींतून सांवरण्याची शक्ति द्यावी हा त्यांचा पहिला हेतु. हॅम्बुर्गहून पीबीएक्सटी आलें. २००८ च्या अखेरीस आलेल्या ५.१ या आवृत्तींत तर यंत्र चालू घरांत प्लगइन म्हणून बसवितां येण्याची सोय झाली. बाहेरच्या कारागिरांना हें मोठेंच आमंत्रण होतें. पण यंत्र बांधणें व तें विश्वासास पात्र करणें यांत वर्षांचें अंतर असतें. फाल्कन कधींच पुरतें उडालें नाहीं, पीबीएक्सटीहि मागें पडलें. मारियाचें नांव आरिया असें बदललें व तें लहान भूमिकेवर समाधान मानून राहिलें.

खरा उतारा निराळ्याच दिशेनें आला. इनोडीबी ऑरॅकलचें झालें तरी जी.पी.एल. खालीं एकदां प्रसिद्ध झालेला त्याचा मजकूर परत घेण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. पीटर झाइत्सेव व वादिम त्काचेन्को यांनीं २००६ मध्यें काढलेल्या पर्कोना कंपनीनें हाच मजकूर घेतला, त्यांत सुधारणा केल्या आणि २००८ च्या डिसेंबरांत एक्स्ट्राडीबी या नांवानें तो लोकांपुढें ठेवला. चालत्या डेटाबेसाची प्रत काढण्याचें इनोबेसचें हत्यार विकत घ्यावें लागे. पर्कोनानें एक्स्ट्राबॅकअप हें तसलेंच हत्यार फुकट दिलें. मोठमोठ्या घोषणांपेक्षां असल्या हत्यारांनींच व्यवस्थापकांच्या मनांतील भीति अधिक कमी केली असावी.

इकडे मालकी पुन्हां फिरली. २००८ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्सनें सुमारें एक अब्ज डॉलरांस मायएस्क्यूएल घेतलें, आणि एप्रिल २००९ मध्यें ऑरॅकलनें सनच विकत घेण्याचें जाहीर केलें. युरोपीय आयोगानें चौकशी आरंभिली, हरकत नोंदविली. विडेनियस यांनीं विरोधाची मोहीम उभारली. अखेर डिसेंबरांत ऑरॅकलनें दहा वचनें दिलीं, त्यांत साठवणीचीं यंत्रें जोडण्याचा मार्ग खुला ठेवण्याचें वचन अग्रभागीं होतें. जानेवारी २०१० मध्यें संमति मिळाली. विडेनियस यांनीं त्यापूर्वींच वेगळी चूल मांडून आपल्या धाकट्या कन्येच्या नांवावरून मारियाडीबी काढला होता, आणि त्यांत एक्स्ट्राडीबी बसविलें होतें. विकिपीडियानें २०१३ मध्यें मारियाडीबीचा अंगीकार केला, तेव्हां मराठी विकिपीडियाचे लेखहि याच घराण्याच्या आश्रयास आले.

ज्या ऑरॅकलकडून घाताची अपेक्षा होती, तिनें इनोडीबीचा घात केला नाहीं. उलट मूळचें घर व हें यंत्र एका हाताखालीं आल्यानें दोहोंचा सांधा घट्ट झाला, आणि २०१० च्या अखेरीस आलेल्या ५.५ या आवृत्तींत मायआयसॅमची जागा इनोडीबीला मिळाली. पुढें २०१७ मध्यें मारियाडीबीनेंहि एक्स्ट्राडीबी सोडून मूळ इनोडीबीच पुन्हां जवळ केलें. त्यांतील पुष्कळ सुधारणा आतां मुळांतच उतरल्या होत्या.

वृक्षरचनेलाच आव्हान देणारीं यंत्रें यानंतर आलीं. प्रत्येक नोंद तिच्या ठराविक पानावर जाऊन लिहावयाची म्हणजे तबकडीची फार धांवपळ होते. टोकुटेक कंपनीच्या टोकुडीबीनें वृक्षाच्या फांद्यांवरच लहान टोपल्या ठेवल्या. त्या भरल्या म्हणजे नोंदी एकगठ्ठ्यानें खालीं जात. फेसबुकच्या मायरॉक्सनें निराळा मार्ग धरला: नोंदी आधीं स्मृतींत गोळा करावयाच्या, लावून एका फाइलींत उतरवावयाच्या आणि अशा फाइली मागाहून एकमेकींत मिसळावयाच्या. त्याच्या बुडाशीं असलेलें रॉक्सडीबी गूगलच्या लेव्हलडीबीपासून निघालें. फेसबुकनें २०१७ मध्यें आपला मुख्य डेटाबेस त्यावर हलविला, तेव्हां इनोडीबीच्या मानानें जवळजवळ निम्मी जागा वांचली. टोकुडीबीचें दैव तसें नव्हतें. २०१३ त तें मुक्त झालें, २०१५ त पर्कोनाकडे आलें, आणि २०२१ त मारियाडीबीनें त्याला आपल्या घरांतून निरोप दिला.

स्लीपीकॅटचे कीथ बोस्टिक यांनीं मायकेल काहिल यांच्यासह पुढें वायर्डटायगर हें यंत्र बांधलें. मोंगोडीबीनें २०१४ मध्यें तें विकत घेतलें व वर्षभरांत आपलें मुख्य यंत्र केलें. मायएस्क्यूएलनें २०१८ च्या ८.० या आवृत्तींत घरचीं दप्तरेंहि इनोडीबीच्या स्वाधीन केलीं, आणि मायआयसॅमचा तेथील कारभार आटोपला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, एकाच साठवणीवर वर्षानुवर्षें समाधान मानणाऱ्या पोस्टग्रेस्क्यूएलनें आपल्या १२ व्या आवृत्तींत बाहेरच्या यंत्रांसाठीं प्रथमच दार उघडलें.